दोन आवाजांचं पुस्तक

बस स्टँडवरच्या बाईंचा आवाज गावात माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता. काचेच्या केबिनमध्ये बसून त्या दिवसभर सांगत असायच्या, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुठली उशिरा येणार आहे, कुणाचं चुकलेलं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे. बाजारात गेल्यावर त्यांनी नुसतं "भाजी आजचीच आहे ना?" असं विचारलं तरी आजूबाजूच्या चार माना वर व्हायच्या आणि एखादा हमखास म्हणायचा, "बाई, आमची गाडी वेळेवर आहे ना?"

त्यांचे यजमान गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल. माणूस मोजकं बोलणारा. आमच्या घरात कामाची वाटणी झालेली आहे, असं ते म्हणायचे, बोलायचं खातं हिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. त्यावर बाई म्हणायच्या, "ऐकता कुठे? तुम्ही फक्त गप्प असता."

ग्रंथालयाचे दिवस तेव्हा फारसे बरे नव्हते. नवी पुस्तकं येणं कमी झालं होतं. मोठ्या शब्दकोशाचा 'प' ते 'म' हा खंड कुणीतरी नेला तो परत आलाच नाही, त्यामुळे त्या मधल्या अक्षरांच्या वाटेला जाणाऱ्या वाचकांची पंचाईत व्हायची. नवा खंड मागवायचं म्हटलं की समितीतले लोक छताकडे बघायचे. शेवटी ग्रंथपाल संगणकापुढे बसले आणि शोधता शोधता तो अख्खा कोशच त्यांना इंटरनेटवर सापडला. एका विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुला करून ठेवलेला. 'प' ते 'म'सकट.

तिथून त्यांना नादच लागला. रोज काहीतरी हाताला लागायचं. जुन्या मासिकांचे वर्षानुवर्षांचे अंक कुणीतरी पानन् पान स्कॅन करून ठेवलेले. नकाशे. विश्वकोश. कॉपीराइट संपलेल्या कादंबऱ्या, कुठल्या कुठल्या देशांत बसलेल्या माणसांनी संध्याकाळच्या फावल्या वेळात टाइप करून, एकमेकांच्या चुका काढून, फुकट वाटलेल्या. त्यांनी ग्रंथालयाच्या वेबसाइटवर एक पान तयार केलं आणि वर लिहिलं, 'मोफत आणि उपयोगी'. खाली एकेक लिंक आणि तिच्यापुढे दोन ओळी, ही कशासाठी वापरावी आणि कशासाठी वापरू नये. पुढे पुढे परगावचे ग्रंथपालही त्यांना फोन करायला लागले. एकाने विचारलं, "एवढं सगळं फुकट देऊन त्या लोकांना मिळतं काय हो?" घरी आल्यावर ग्रंथपालांनी बायकोला तेच विचारलं. ती भाकरी भाजत होती. म्हणाली, "मी हरवलेलं पोर पुकारते तेव्हा मला काय मिळतं?"

ग्रंथालयासमोर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे घड्याळजी म्हणत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, दुकान बंद केलं की हा गृहस्थ सरळ रस्ता ओलांडून वाचनालयात यायचा आणि जाडजूड कादंबरी उघडून बसायचा. बारीक पुस्तकाला हात लावायचा नाही. म्हणायचा, जेमतेम ओळख होते आणि माणसं निघून जातात. पुढे मधुमेहाने त्याचे डोळे खाल्ले. आधी घड्याळं सुटली, मग पुस्तकं. दुकान भाच्याच्या हवाली करून तो तरी रोज काठी टेकत यायचाच. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसून राहायचा. दुसऱ्यांनी पानं उलटल्याचा आवाज ऐकत बसतो, असं हसत सांगायचा.

एक दिवस त्यांना बोलक्या पुस्तकांची एक वेबसाइट सापडली. जगभरातले हौशी लोक जुनी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात आणि ती कुणीही, कधीही, काही न देता ऐकावीत म्हणून तिथे ठेवतात. आपल्या भाषेतली पुस्तकं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यांनी घड्याळजींच्या कानाला इयरफोन लावून दिले. घड्याळजींनी थोडा वेळ ऐकलं आणि काढून ठेवले.

"साहेब, हा माणूस पुस्तक वाचतोय की पुस्तकापासून पळतोय?"

ही गोष्ट ग्रंथपालांनी जेवताना सांगितली तेव्हा बाई हसल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "मी वाचू का?"

घड्याळजींना विचारलं, कुठलं पुस्तक हवं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. नदीवर होडी चालवणाऱ्या तीन बहिणींची एक जुनी कादंबरी होती, लिहिणारी बाई जाऊन जमाना झालेला, ग्रंथालयातल्या प्रतीची पानं सुटी होऊन दोऱ्याने बांधून ठेवलेली. चाळीसेक प्रकरणांचा ऐवज. घड्याळजींनी ती तरुणपणी वाचली होती आणि पुन्हा वाचायची म्हणून म्हातारपणासाठी राखून ठेवली होती.

मजकूर त्याच टाइप करणाऱ्या लोकांच्या कृपेने नेटवर मिळाला, त्यामुळे पानं उलटल्याचा आवाज येण्याचा प्रश्न नव्हता. बाकीचे आवाज मात्र पुष्कळ होते. आतल्या खोलीत कपड्यांच्या कपाटाची दारं उघडून, दोन्ही बाजूंना रजया टांगून बाईंनी बसायची जागा केली. पंखा बंद, खिडकी बंद, फ्रिजचं बटण बंद. रेकॉर्डिंग संपल्यावर फ्रिज चालू करायचा विसर पडायचा आणि दुसऱ्या दिवशी दूध नासायचं. शेजारच्या कुत्र्याला ऐन रंगात आलेल्या प्रसंगीच भुंकायची हुक्की यायची. ग्रंथपालांना त्या वेळात घरात चालायलाही बंदी होती. ते पलीकडच्या खोलीत पाय वर घेऊन बसून राहायचे आणि भिंतीतून येणारा तो आवाज ऐकायचे. शब्द कळायचे नाहीत. तिन्ही बहिणी मात्र वेगवेगळ्या ओळखू यायच्या.

स्टँडवर बाई एका सुरात बोलायच्या. इथे त्या कुजबुजत, दटावत, रडता रडता हसत. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला आपल्या बायकोत एवढी माणसं आहेत याचा पत्ता नव्हता.

वेबसाइटचा एक नियम होता. पुस्तक पुरं झाल्याशिवाय ते लोकांसमोर ठेवायचं नाही. पुरं झालं की दुसरा कुणीतरी हौशी तपासनीस समोर मजकूर धरून सगळं ऐकणार, चुका कळवणार, त्या दुरुस्त केल्या की मग ते सगळ्यांचं.

पाऊणएक पुस्तक झालं असेल तेव्हा बाईंचा आवाज बसला. स्टँडवरची धूळ, असं त्या म्हणाल्या. गुळण्या झाल्या, काढे झाले. खोकला नव्हता, ताप नव्हता, पण आवाज काही सुटेना. दुसऱ्या शिफ्टच्या बाईने बळेच दवाखान्यात पाठवलं. तिथून मोठ्या दवाखान्यात. घशात नळी घालून बघणाऱ्या डॉक्टरने ग्रंथपालांनाही आत बोलावलं आणि दोघांना बसायला सांगितलं, तेव्हाच त्यांना काय ते कळलं.

स्वरयंत्रात गाठ होती, आणि तिने चांगलंच मूळ धरलं होतं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता.

"तोवर बोललं तर चालेल?" बाईंनी विचारलं.

"बोलल्याने आजार वाढणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आवाज थकेल तेवढा."

परत येताना बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. गावाच्या स्टँडवर गाडी शिरली तेव्हा आतून त्यांच्या जागी बसलेल्या मुलीची घोषणा ऐकू आली. त्या म्हणाल्या, "चांगलं बोलते. जरा घाईत असते, एवढंच." ग्रंथपालांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

लेक परगावी नोकरीला होती. कळल्याबरोबर रजा टाकून आली, दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन. लेक आईवर गेलेली होती, बोलकी आणि हट्टी. पहिला दिवस रडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि फोन घेऊन आईसमोर बसली.

"आई, बोल."

"काय बोलू?"

"काहीही. हिच्यासाठी बोलून ठेव. मोठी झाली की ऐकेल. माझ्यासाठी बोल. मला हाक मार नुसती."

बाईंनी घसा साफ केला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, मी तुझी आजी बोलते आहे. कृपया लक्ष दे." स्टँडवरचाच सूर लागला होता. दारात उभ्या ग्रंथपालांसकट तिघंही हसली. नात टाळ्या पिटायला लागली. बाईंनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तोच सूर लागला. तिसऱ्यांदा त्यांनी हाताने फोन खाली करायला लावला.

"मला नाही जमत गं असं. समोर बसलेल्या माणसाशी असं मागे ठेवायचं बोलणं कसं बोलतात?"

आणि त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला.

लेकीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती दारातच उभी राहिली. "आई, तू आता पुस्तक वाचणार?"

"थोडीच प्रकरणं राहिली आहेत."

"तुझा उरलासुरला आवाज तू त्या घड्याळवाल्याला देणार?"

"त्याला कशाला? सगळ्यांनाच. अर्धं राहिलं तर ते कुणालाच मिळत नाही, असा नियम आहे त्यांचा."

"आणि आम्ही अर्धे राहिलो तर? आमच्यासाठी कुठला नियम आहे?"

बाईंनी रजई सारखी केली आणि माईक जवळ ओढला. लेक स्वयंपाकघरात येऊन बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

ग्रंथपालांना मनातून लेकीचंच पटत होतं. त्यांनाही वाटत होतं की हे दिवस घरातल्या घरात, आपसात खर्च व्हावेत. पण ते उठले आणि त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. लेकीने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ती नजर ते पुढे कधी विसरले नाहीत. मुलीला घेऊन ती बाहेर निघून गेली, कारण घरात लहान मूल असलं तर रेकॉर्डिंग होऊ शकत नव्हतं.

महिनाभर तसंच चाललं. लेक येऊन जाऊन होती. आईची औषधं, तपासण्या, दवाखान्याचे फोन, सगळं तिने बघितलं, एका गोष्टीत हयगय केली नाही. आतल्या खोलीत मात्र पाऊल टाकलं नाही. बाई सकाळी वाचायच्या, कारण सकाळी आवाज जरा मोकळा असायचा. पुढे पुढे एकेक परिच्छेद झाला की थांबावं लागायचं. कोमट पाणी प्यायचं, वाट बघायची, पुन्हा घ्यायचं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक प्रकरण संपवलं. त्यातलं शेवटचं वाक्य त्यांनी चार-पाच वेळा वाचलं तेव्हा कुठे ते ऐकण्याजोगं उतरलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "तीन राहिली." आणि हात धुऊन जेवायला वाढायला लागल्या.

ऑपरेशन झालं. आत जाताना त्या शेवटचं काय बोलल्या ते लेकीने नंतर बापाला दहादा विचारलं. त्या म्हणाल्या होत्या, "चप्पल आत घ्या, बाहेर राहिलीये." तेवढंच.

घरी आल्या तेव्हा गळ्याशी एक भोक होतं, त्यावर पातळ कापड बांधलेलं. श्वास तिथून. बोलायचं ते नातीच्या पाटीवर खडूने. फोन वाजला की सवयीने त्याच उचलायच्या, कानाला लावायच्या, आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहायचा, मग नवऱ्याच्या हातात द्यायच्या. घरात आता दोघंही गप्प असायची. आपलं गप्प राहणं एवढी वर्षं कुणाच्या जिवावर चाललं होतं ते ग्रंथपालांना तेव्हा समजलं.

एक दिवस बाईंनी पाटी पुढे केली. वर लिहिलं होतं, 'तुम्ही वाचा.'

"मी? अगं, माझा आवाज म्हणजे..."

त्यांनी पाटीवर बोट आपटलं.

ग्रंथपाल कपाटापुढे जाऊन बसले. बाई शेजारी स्टुलावर. एकदा टिचकी वाजवली की चूक, गुडघ्यावर हात ठेवला की सावकाश. पहिल्या दिवशी टिचक्यांचा नुसता पाऊस पडला. तासाभराने त्यांनी थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, 'मधली बहीण रडते आहे. तुम्ही हजेरी घेताय.'

ग्रंथपाल हसले, आणि हसता हसता त्यांना गहिवरून आलं. बाईंनी ते पुरतं ओसरेपर्यंत वाट बघितली. मग बोटाने ओळ दाखवली. इथून पुन्हा.

तीन प्रकरणांना दीड महिना लागला. वाचन सुमारच झालं, पण हजेरीपेक्षा बरं. तपासायला जो कुणी होता त्याने महिनाभरात सगळं ऐकून कळवलं. एका ठिकाणी कुत्रा भुंकतो, शेवटच्या प्रकरणात एक ओळ गळली आहे. आणि शेवटी विचारलं होतं, अखेरची तीन प्रकरणं वेगळ्या आवाजात आहेत, ते तसंच ठेवायचं आहे ना? उत्तर बाईंनी स्वतः टाइप केलं. 'हो. तोही घरचाच आहे.'

गळलेली ओळ ग्रंथपालांनी पुन्हा वाचून घातली आणि पुस्तक लोकांसमोर आलं. लेखिकेच्या नावाखाली लिहिलं होतं, वाचन: दोन आवाज. ग्रंथपालांनी 'मोफत आणि उपयोगी'वर लिंक टाकली आणि तिच्यापुढे काय लिहावं यावर पुष्कळ विचार करून काहीच लिहिलं नाही.

घड्याळजींनी ते आठवड्याभरात ऐकून संपवलं. रविवारी सकाळी भाच्याचा हात धरून ते घरी आले. भाचा त्यांना दारात सोडून गेला. ते खुर्चीवर बसले आणि काठी मांडीवर आडवी घेऊन म्हणाले, "बाई, मी आभार मानायला आलोय."

बाईंनी मान हलवली. घड्याळजींना ती दिसली नाही. ते उत्तराची वाट बघत राहिले. बाईंनी पाटी घेतली, भराभर लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली. पाटी धरलेला हात तसाच हवेत राहिला. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. घड्याळजींनी मान खाली घातली, बाईंनी पाटी मांडीवर ठेवली. ग्रंथपाल पुढे झाले.

"ती म्हणते, शेवट आवडला का?"

"साहेबांनी वाचला तोच ना?" घड्याळजींनी विचार केला. "आवडला. फक्त धाकटी एकदम पोक्त झाली. कालपर्यंत उड्या मारत होती आणि शेवटी अगदी साहेबांसारखी."

बाईंचे खांदे हलायला लागले. गळ्यापाशी वारा घुसमटल्यासारखा बारीक आवाज झाला. घड्याळजींनी मान तिकडे वळवली.

"बाई हसताहेत का?"

"हो," ग्रंथपाल म्हणाले. "हसते आहे."

"असं होय," घड्याळजी म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत. बाईंनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या भेटीत ग्रंथपालांना आणखी काही वाचून दाखवावं लागलं नाही.

दुखणं परत आलं ते थंडीच्या सुरुवातीला, या वेळी फुप्फुसात. डॉक्टरांनी आशा दाखवली नाही आणि बाईंनी विचारलीही नाही. लेक येऊन राहिली. शेवटच्या दिवसांत पाटीवर लिहायचीही ताकद उरली नव्हती. लेक शेजारी बसून सारखी बोलत राहायची, ऑफिसातलं, सासरचं, नातीचे उद्योग. आई नुसती बघायची. थंडी संपता संपता त्या गेल्या. लेक त्या वेळीही काहीतरी सांगतच होती. वाक्य अर्धवट राहिलं.

महिन्याभराने ग्रंथपाल कामावर रुजू झाले. घड्याळजी रोज येतच होते आणि संदर्भविभागातल्या कोपऱ्यातल्या संगणकावर तीच कादंबरी पुन्हा पहिल्यापासून ऐकत होते. एकदा त्यांच्या काठीत वायर अडकून इयरफोन निघाले आणि खोलीभर आवाज पसरला. थोरली बहीण वल्ही मोजत होती. वाचत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. "स्टँडवरच्या बाई," कुणीतरी हळूच म्हणालं. ग्रंथपाल मागच्या कपाटांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. घड्याळजींना बटण सापडेपर्यंत पुस्तकांच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"बाबा, ते काढून टाका."

"काय झालं?"

"हिला दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. शेजारी एक बाई विणत बसली होती, फोनवर मोठ्याने लावून. आई बोलत होती, बाबा. माझ्या शेजारच्या खुर्चीत. त्या बाईने मध्येच ते थांबवलं, फोनवर कुणाशी तरी भांडली, आणि मग पुन्हा चालू केलं. मी काय म्हणणार तिला? ती माझी आई आहे म्हणून?"

ग्रंथपालांनी इतकी वर्षं सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, हे कुणीही घ्यावं, कसंही घ्यावं, विचारायचीसुद्धा गरज नाही. आता ते म्हणाले, "विचारून बघतो."

त्यांनी वेबसाइटच्या लोकांना लिहिलं. उत्तर सभ्यपणे आलं. घरच्यांची इच्छा असेल तर आमच्या यादीतून आम्ही काढू. मात्र ज्यांनी ते आधीच उतरवून घेतलं आहे, त्यांच्याकडून परत घेणं आमच्या हातात नाही. तुम्ही म्हणाल तसं.

तुम्ही म्हणाल तसं, हे वाचल्यावर ग्रंथपालांनी संगणक बंद केला. घड्याळजी कोपऱ्यात बसलेले होते. काही वेळाने ग्रंथपाल उठले आणि त्यांनी हे सगळं घड्याळजींना सांगितलं. का सांगितलं ते त्यांनाही कळलं नाही. घड्याळजी म्हणाले, "मुलीचं बरोबर आहे, साहेब. माझं तिसऱ्यांदा चाललंय. माझा विचार करू नका."

ग्रंथपालांनी लेकीला वेबसाइटचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं आणि खाली लिहिलं, तू ठरव. दोन आठवडे काही कळलं नाही. मग एका शनिवारी दुपारी ती मुलीला घेऊन दारात उभी राहिली. मुलीला निजवून ती स्वयंपाकघरात आली आणि स्वतःच चहा टाकला.

"राहू दे ते," ती पाठमोरीच म्हणाली.

"बरं."

"काढायचं ठरवलं होतं. म्हटलं, काढण्याआधी एकदा ऐकावं तरी." ती थांबली. "बाबा, धाकटी बहीण मी आहे."

ग्रंथपालांना समजलं नाही.

"मी लहानपणी काही सांगायला आले की 'ऐक ना, ऐक ना' असं दोनदा म्हणायचे. दम लागेपर्यंत. आठवतं? धाकटी तसंच म्हणते. दर वेळी. मी मजकूर उघडून बघितला. तिथे एकदाच आहे. 'ऐक ना.' दुसरं आईने घातलंय. तो तपासणारा माणूस काही बोलला नाही?"

"नाही. त्याने एक गळलेली ओळ तेवढी कळवली होती."

"जास्तीची नाही कळवली," लेक म्हणाली आणि तिने गाळणं हातात घेऊन तसंच धरलं. रडू आलं की ती अगदी बाईंसारखी खालचा ओठ चावायची. ग्रंथपालांनी पातेल्याखालचा गॅस बंद केला.

दोघं टेबलाशी बसली. चहा निवत होता.

"मी तीनदा ऐकलं," ती म्हणाली. "पण तुमच्यापाशी आलं की बंद करते. राग मानू नका. आईचं शेवटचं वाक्य होतं, मग जरा शांतता असते, आणि मग तुम्ही सुरू होता. तुम्ही सुरू झालात की ती गेली. दर वेळी."

"पुढं काय झालं ते तुला माहीतच नाही मग."

"नाही. आणि तुम्ही सांगू नका."

ग्रंथपालांनी मान हलवली. त्यांनी स्वतः अजून बायकोचं एकही प्रकरण ऐकलं नव्हतं, फक्त भिंतीपलीकडून आलेलं तेवढंच. हे तिला सांगावं की नाही असा विचार करत ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, आणि मग त्यांनी सांगितलं.

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. "लावू?"

"आज नको," ते म्हणाले. "पुढच्या वेळी येशील तेव्हा."

आतून नातीने उठल्याची हाक दिली. लेक डोळे पुसत तिकडे गेली, आणि ग्रंथपाल नातीसाठी दूध कोमट करायला उठले.